नामानिराळा

या पुस्तकाचं हस्तलिखित घेऊन लेखक माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या एका हातात स्पायरल केलेली दोनेकशे पानं होती आणि दुसऱ्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. सगळी हयात वीजखात्यात गेलेला माणूस, तेव्हा मला वाटलं मीटर-बिटर असेल. फडकं सोडलं तर आत एक लाकडी फळी, तिच्यावर चामड्याच्या दोन कानांत अडकवलेली छत्रीची काडी आणि वाकवलेली बांबूची कांब. कांबेला दोरीऐवजी चामड्याची पट्टी ताणलेली.

"सर, आधी ही चालवा. मग वाचा."

"काय आहे हे?"

"धनुष तकली. भारतानंदांची. परवा घरी बसून केली."

पेळूही त्यांनीच आणला होता. डाव्या हातात पेळू धरायचा आणि उजव्या हातातली धनुकली काडीवर घासत न्यायची, की काडी गरकन फिरते आणि सूत निघू लागतं. ऐकायला सोपं आहे. माझं सूत सात वेळा तुटलं. आठव्या वेळी वीतभर निघालं, सगळं गाठी-गाठींचं. "पट्टीला जरा राळ लावली की पकड येते," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून धनुकली घेतली आणि बघता बघता हातभर सूत काढून दाखवलं. आमच्या सौ. चहा घेऊन आल्या आणि दोन म्हातारे भुईवर बसून काय खेळतायत ते बघत उभ्या राहिल्या.

ते गेल्यावर ती फळी माझ्या टेबलावर महिनाभर होती. हस्तलिखित वाचताना मधून मधून मी तिच्याकडे बघत होतो. हळूहळू ध्यानात आलं की हिच्यात चाक नाही. चरखा म्हटला की चाक आलं, चाक म्हटलं की सुतार आला, माळ आली, माळ निसटली की खोळंबा आला. ज्या माणसाने ही तकली काढली त्याने आधी चरख्यात काय काय नसलं तरी चालेल याचा विचार केला असणार. बांबू कुठेही मिळतो, पट्टी कुठेही मिळते आणि मोडलं तर घरच्या घरी दुरुस्त होतं. गांधीजींना ही तकली आवडली ती याच कारणाने. ती स्वस्त होती, गावातच करता येत होती आणि कारखान्याच्या तोंडाकडे बघायला लावत नव्हती.

ती काढणारा माणूस होता मॉरिस फ्रिडमन. पोलंडमधला ज्यू. पेशाने विजेचा इंजिनीअर. सेवाग्रामात आणि औंधात त्याला भारतानंद म्हणत. त्याचं हे मराठी चरित्र.

माझ्या पिढीतल्या शंभर माणसांना हे नाव विचारलं तर पाच जणांनाही सांगता येणार नाही. मलाही आलं नसतं. आपल्याकडे 'नामानिराळा' हा शब्द वाईट अर्थानेच वापरतात. करून सवरून अंग झटकणारा, निस्तरायची वेळ आली की नाहीसा होणारा, तो नामानिराळा. फ्रिडमनला हा शब्द उलट बाजूने लावावा लागतो. काम झालं, लोक टाळ्या वाजवायला जमले, की हा तिथून नाहीसा. एका राज्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या घोषणेचा मसुदा याचा. गजाआड न ठेवता कैद्यांना शेतावर ठेवायचं, त्या विचाराच्या मुळाशी हा. पण खाली सही दुसऱ्याची. नाव शोधत गेलात तर कुठे तरी तळटीपेत सापडतं, तेही दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने.

आता धाराशिवच्या माणसाने याच्यावर का लिहावं, हा प्रश्न मी लेखकांना पहिल्याच भेटीत विचारला होता. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. "तुमच्या आजीला विचारा," म्हणाले. आजी जाऊन पन्नास वर्षं झाली, पण ते काय म्हणत होते ते मला कळलं.

माझी आजी बार्शीच्या बाजारातून लुगडं घेऊन यायची तेव्हा येताना ते अंगावर नेसून यायची, हातात धरून आणायची नाही. मध्ये करोडगिरीचा नाका होता. नव्या कापडावर जकात. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. बार्शी-सोलापूरकडच्यांच्या तोंडी आमचा मुलूख म्हणजे 'मोगलाई', आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या लेखी बार्शी म्हणजे परदेशच. बोलायला तीच मराठी, देवी तीच तुळजापूरची, सोयरिकी दोन्हीकडे. तरी हद्द ओलांडली की राज्य दुसरं, कायदा दुसरा, पोलीस दुसरा. दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याला हात देणं ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला दूरची वाटत असेल. आमच्याकडे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या वेळी सरहद्दीपलीकडच्या भारतात कँप घालून माणसं राहिली, तिथून निजामाच्या राज्याशी लढली आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत शिरलं ते सोलापूरच्या रस्त्याने, नळदुर्गाला. परका कोण आणि आपला कोण, या हिशेबात आमचा जिल्हा चांगला मुरलेला आहे.

फ्रिडमनचा जन्म झाला तेव्हा तर पोलंड नावाचा देश नकाशावरच नव्हता. शेजारच्या तीन सत्तांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आपसांत वाटून खाल्ला होता आणि वॉर्सॉवर रशियाच्या झारचं राज्य होतं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथल्या ज्यू घरात जन्मलेलं हे पोर मिसरूड फुटायच्या वयात होतं तेव्हा, १९१८ मध्ये, सव्वाशे वर्षांनी देश पुन्हा उभा राहिला. परक्या भाषेतली सरकारी पाटी उतरते कशी, हे त्याने कोवळ्या डोळ्यांनी पाहिलं असणार. मला वाटतं, हिंदुस्थानात आल्यावर त्याला इथलं सगळं नवं वाटलं असेल, पण गुलामी मात्र नवी वाटली नसेल. लेखकांनी या मुद्द्यावर दोनच परिच्छेद दिले आहेत. मी असतो तर एक प्रकरण दिलं असतं.

पॅरिसमध्ये तो इंजिनीअर म्हणून काम करत होता. तिथून म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याला बंगळूरला आणलं आणि तिथल्या सरकारी इलेक्ट्रिक कारखान्याचा कारभार सोपवला. १९३० च्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. पगार, बंगला, मान असं सगळं होतं. पण माणूस आला होता दुसऱ्याच ओढीने. तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे जाऊन बसू लागला, जे. कृष्णमूर्तींना ऐकू लागला आणि एक दिवस संन्यास घेऊन मोकळा झाला. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याचा साहेब भगव्या कपड्यांत कामावर येतो म्हटल्यावर बंगळूरच्या साहेबलोकांची काय पंचाईत झाली असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं. आपल्याकडे इंजिनीअर रिटायर झाल्यावर अध्यात्माला लागतो. याने नोकरीत असतानाच लागायचा प्रमाद केला.

औंधच्या राजपुत्राची, अप्पासाहेब पंतांची, आणि त्याची गाठ पडली ती याच काळात. अप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून बॅरिस्टर होऊन आलेले, वय पंचविशीच्या आसपास, डोक्यात खूप काही आणि हातात काही नाही. त्यांनी या माणसाला औंधला आणलं.

औंध किती लहान, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. बहात्तर गावं. तीही एका जागी नाहीत. औंध-किन्हई साताऱ्याकडे, कुंडल कृष्णाकाठाला, आटपाडी माणदेशात, गुणदाळ थेट विजापूरकडे. मधून दुसऱ्यांच्या हद्दी. पण राजा मुलखावेगळा. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, सूर्यनमस्कारांचा तर त्यांनी ध्यासच घेतला होता. सगळ्या संस्थानाला नमस्कार घालायला लावणारा राजा म्हणून बाहेर त्यांची थट्टाही होई. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं ते यांनीच, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांना आसरा दिला तो यांनीच. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम निघालं त्यालाही यांचाच हात लागला. औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभं केलेलं वस्तुसंग्रहालय आजही आहे. त्याचं नाव श्री भवानी संग्रहालय, हे तुळजापूरच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो.

१९३८ च्या नोव्हेंबरात या राजाने सत्तरीत पाऊल टाकलं आणि जाहीर केलं की राज्याचा कारभार मी प्रजेच्या हाती देतो. अप्पासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की महाराजांच्या कानी ही गोष्ट घातली फ्रिडमनने आणि घोषणेचा मसुदाही लिहिला फ्रिडमननेच. ते दोघं बापलेक मग वर्ध्याला गेले, गांधीजींपुढे बसले आणि गांधीजींच्या देखरेखीखाली औंधची घटना आकाराला आली. २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. गावातून पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुका समित्या, त्यांतून वरचं विधिमंडळ. पाया गावाचा आणि वरचा मजला हलका, अशी बांधणी. हिंदुस्थानात साडेपाचशेवर संस्थानं होती. आपण होऊन एवढं सोडून देणारा राजा विरळा.

याच जागी मी हस्तलिखित बाजूला ठेवून उठलो होतो.

कारण १९३८ चं ते वर्ष आमच्याकडे वेगळ्याच कारणासाठी पाठ आहे. त्या सप्टेंबरात निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, ती नीट जन्माला येण्याच्या आधीच. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. हे स्वामीजी आमच्या जिल्ह्याला परके नव्हेत. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि भगवी वस्त्रं त्यांनी तिथेच घेतली. म्हणजे बघा, त्या एका पावसाळ्या-हिवाळ्यात, दोन-अडीचशे किलोमीटरच्या अंतरात, दोन संन्यासी एकाच प्रश्नाला भिडत होते. इकडच्या संन्याशाने प्रजेचं राज्य मागितलं म्हणून तो गजाआड गेला. तिकडच्याने प्रजेच्या राज्याचा मसुदा लिहिला आणि राजाने खाली सही केली. इकडे राजा होता जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाणारा, आमच्या धाराशिवला उस्मानाबाद हे आपलं नाव देऊन बसलेला. तिकडचा राजा बहात्तर गावांचा. सत्ता सोडणं कोणाला परवडतं, याचा हिशेब तिजोरीवरून करायला गेलात तर चुकतो.

लेखकांनी ही तुलना केलेली नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ती तुम्ही करा, प्रस्तावनेत. मी वायरमनसारखा खांबापर्यंत तार आणून दिली."

तुलना करायची तर दोन्ही बाजूंनी करायला हवी. आमच्याकडे जे आलं ते लढून आलं. माणसं मेली, गावं जळाली, पोरं शाळा सोडून कँपात गेली. औंधला जे आलं ते वरून आलं. दानात मिळालेलं स्वातंत्र्य लोकांच्या अंगी लागायला वेळ लागतो, आणि औंधातही सुरुवातीला लोक बिचकलेच. राजा आपणहून राज्य देतोय म्हटल्यावर खेड्यातला शहाणा माणूस आधी विचार करणार, यात सारा वाढवायचा डाव तर नाही ना? अप्पासाहेब आणि भारतानंद गावोगाव हिंडले ते त्यासाठी. दुसरी गोष्ट याहून बोचणारी. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, अशी अट गांधीजींच्या आग्रहाने आली. साक्षरता वाढावी हा त्यामागचा हेतू, आणि त्यापायी प्रौढांचे वर्ग निघाले हे खरं. पण १९३९ साली माणदेशातल्या खेड्यात पाटीवर हात फिरवायला कोणाला मिळालं होतं आणि कोणाला नाही, हे काय सांगायला हवं? महारवाड्याच्या आणि चुलीपुढच्या माणसाला ती अट कशी लागली असेल? बाबासाहेब आंबेडकर मताच्या हक्काबद्दल जे म्हणत आले होते ते शेजारी ठेवलं की औंधच्या घटनेचं कौतुक जरा बेताने करावं लागतं. चरित्रनायकावर जीव जडला की लेखकाचा हात इथे सैल पडतो. या पुस्तकातही थोडा पडला आहे. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही बदललं नाही.

मात्र औंधातल्या एका गोष्टीबद्दल मी वाद घालणार नाही. ती म्हणजे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर.

आटपाडीच्या माळावर १९३९ मध्ये ही वसाहत सुरू झाली. तुरुंगच, पण भिंत नसलेला. जन्मठेपेच्या कैद्यांना जमीन द्यायची, त्यांनी ती कसायची, बायकापोरांसह राहायचं. कल्पनेच्या मुळाशी फ्रिडमन होता. मी गेलो होतो तिथे, आटपाडीच्या एका साहित्य संमेलनाला गेलो असताना वाट वाकडी करून. रस्त्याच्या कडेला साधी घरं, पुढं शेत, एका दारात बाई धान्य पाखडत होती. माझ्या सोबतच्या शिक्षकाने खूण केली नसती तर हा तुरुंग आहे हे मला कळलंही नसतं. एक कैदी मोटार सुरू करून पाणी सोडत होता. त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिलं आणि पुन्हा बारं धरायला वळला. पळून का जात नाही, असं विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं तर त्याने कदाचित पिकाकडे बोट दाखवलं असतं.

माडगूळचे गजाननराव माडगूळकर याच मुलखातले, औंधच्याच शाळेत शिकलेले. 'दो आँखें बारह हाथ' ची कथा त्यांनी लिहिली ती या स्वतंत्रपुरावरून. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तो चित्रपट काढला, बर्लिनपर्यंत गाजला. सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. त्या जेलरच्या पाठीमागे, पडद्याच्या बाहेर, एक पोलिश इंजिनीअर उभा होता हे किती प्रेक्षकांना ठाऊक असेल? मी तो चित्रपट उस्मानाबादला तंबूत दोनदा पाहिला आहे. मला तरी ठाऊक नव्हतं.

आता फ्रिडमनच्या मदतीतल्या गुप्ततेबद्दल थोडं. लेखकांनी पहिल्या खर्ड्यात चरित्राला रहस्यकथेचा बाज दिला होता. जणू हा माणूस हेरगिरी करत होता, खोट्या तळाच्या पेटीतून कागद नेत होता. मी तो बाज काढायला लावला. इंजिनीअर आणि गुप्त मदत म्हटलं की आपल्याला सेनापती बापट आठवतात. ते एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला गेले आणि १९०८ मध्ये परतले ते पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती शिकून. तिथे गुप्तता जिवावरची होती. शिवाय गंमत अशी की तिथे हिंदुस्थानच्या लढ्याला हात देणारा परका माणूस रशियन होता, आणि त्याचं नाव आपण मराठी माणसांनी बापटांच्या नावापुढे कधी घेतलं नाही. फ्रिडमनची गुप्तता वेगळ्या जातीची. कोल्हापूरला इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला होता. सगळ्या दक्षिणी संस्थानांवर त्याची नजर. औंधच्या राजाने सत्ता सोडली ती एका परदेशी इंजिनीअरच्या सांगण्यावरून, असं बाहेर पडलं असतं तर त्याला आयतं कोलीत मिळालं असतं, आणि ती घोषणा राजाची राहिलीच नसती. नाव न घालणं हाही त्या आराखड्याचाच भाग असावा, असा माझा तर्क आहे. १९४२ नंतर सातारा पेटला, पत्री सरकार उभं राहिलं, तेव्हा औंधच्या हद्दीचा आसरा भूमिगतांना मिळाला, जी. डी. बापू लाडांचं कुंडल याच संस्थानातलं. त्या धामधुमीत फ्रिडमनने नेमकं काय केलं याविषयी लेखकांनी मोह आवरला आहे आणि कागद बोलतो तेवढंच लिहिलं आहे. हे मला फार आवडलं.

पण पुढची हकिकत पाहिली की वाटतं, राजकारण नसतं तरी त्याने नाव घातलं नसतं. रमण महर्षींना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्याने टिपून ठेवली. ती पुस्तकात गेली आणि त्याचं नाव मागे राहिलं. वांदा दिनोवस्का, म्हणजे उमादेवी, या पोलिश बाईंबरोबर त्याने पोलिश भाषेत भारतीय ग्रंथ आणण्याच्या कामाला हातभार लावला. जानेवारी १९३९ मध्ये तो माणदेशातल्या पंचायतींच्या खटपटीत होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचं वॉर्सॉ जर्मन फौजांच्या हाती पडलं. पुढे तिथल्या ज्यूंना एका कोंडवाड्यात घातलं, १९४३ मध्ये त्यांनी उठाव केला आणि तो चिरडला गेला. जन्मगाव असं राखेला मिळत असताना हा माणूस बांबू तासत होता, काडी चामड्याच्या कानांत बसवत होता, सूत तुटतं का ते बघत होता. त्याच १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धातून वाचलेल्या पाचेक हजार पोलिश माणसांची छावणी पडली. आपल्याच महाराष्ट्रात, आंब्याच्या झाडांखाली, त्याची भाषा बोलणारी मुलं बाराखडी शिकत होती.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि नऊ वर्षांचा तो खेळ आटोपला. त्यानंतर सहा महिन्यांनी आमचा निजाम शरण आला. स्वतंत्र देशात फ्रिडमनला मागायला पुष्कळ होतं; नेहरू त्याला ओळखत होते. त्याने काही मागितल्याचं दिसत नाही. १९५९ मध्ये तिबेटी लोक हिमालय उतरून आले तेव्हा तो आणि उमादेवी त्यांच्या मागे उभे राहिले. आणखी एक परका देश, आणखी एक हरवलेलं स्वातंत्र्य. उमादेवी शेवटपर्यंत त्याच कामात होत्या. १९७१ मध्ये म्हैसूरला वारल्या.

आणि मग मुंबई. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत एका माळ्यावर निसर्गदत्त महाराज बसत. मूळचे कोकणातले मारुती कांबळी, विड्यांचं दुकान चालवून संसार केलेले. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. महाराज बोलत ते चोख, रांगड्या मराठीत. जिना चढून येणाऱ्यांत म्हातारा फ्रिडमनही होता. ते बोलणं टेपरेकॉर्डरवर घेतलं जाई आणि तो बसून त्याचं इंग्रजी करी. १९७३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि विडीवाल्या महाराजांकडे जगभरातून माणसं येऊ लागली. आज त्या पुस्तकाची भाषांतरं कुठे कुठे पोचली आहेत. तिथे मात्र त्याचं नाव छापलं आहे. अनुवादक म्हणून.

मराठी बोलीतल्या एका साध्या माणसाचं बोलणं पोलंडचा इंजिनीअर जगाला सांगतो आणि आपण मराठी वाचक ते इंग्रजीतून वाचतो, याची मला जरा लाज वाटते. त्या मुलाखतींचं 'सुखसंवाद' हे मराठी रूपही आहे. किती घरांत असेल?

पुढे मुंबईतच तो गेला. महाराज त्याच्या उशाशी होते.

लेखकांविषयी दोन शब्द. ते साहित्यिक नाहीत आणि त्यांना तसं म्हटलेलं आवडणार नाही. त्यांची भाषा कधी कधी टेंडरच्या नोटिशीसारखी होते; ती मी फारशी हलवली नाही. तकलीचं प्रकरण मात्र त्यांनी असं लिहिलं आहे की मराठीत यंत्रावर इतकं मायेने कोणी लिहिल्याचं मला आठवत नाही. कोणता बांबू घ्यावा, तो किती सुकवावा, काडीला धार का नसावी, पट्टी सैल पडली तर काय करावं, सगळं आहे. वाचकाने ते प्रकरण वाचून नुसतं पुढे जाऊ नये. छत्रीची एक मोडकी काडी प्रत्येकाच्या घरात असते.

प्रकाशकांनी मुखपृष्ठावर फ्रिडमनचा फोटो मागितला होता. लेखकांनी धनुकलीचं रेखाचित्र पाठवलं, स्वतः काढलेलं, मापांसकट. प्रकाशक नाराज आहेत. ती फळी अजून माझ्या टेबलावर आहे. परवा नातवाने पट्टीला राळ लावली आणि पहिल्याच खेपेला त्याचं सूत माझ्यापेक्षा बारीक निघालं.

धाराशिव
१७ सप्टेंबर